बंदा रुपया आणि गिलटाचा रुपया



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी महिन्यापूर्वी मला विषय विचारला. युनियनचा माणूस म्हटल्यावर संप, टाळेबंदी, कंत्राटी कामगार यांपैकी काहीतरी मी सांगेन अशी त्यांची समजूत असावी. मी म्हटले, "चांदीचा रुपया आणि हलक्या धातूचा रुपया ओळखावा कसा, यावर बोलतो." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे अर्थशास्त्र का?" मी म्हटले, "अर्थशास्त्र माझ्याच्याने व्हायचे नाही. ट्रंकेतल्या रुपयावर बोलतो." गृहस्थ भले आहेत, त्यांनी विषय तसाच छापला. आज पुढच्या रांगांत काही भगिनींच्या हाती रुमालाच्या गाठी दिसत आहेत, त्याअर्थी विषय अगदीच फुकट गेला नाही असे समजतो. गाठी अजून सोडू नका. व्याख्यान संपल्यावर टेबलाशी या.

माझे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढे जे वाचले ते पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयात बसून वाचले. तेव्हा बोलण्यात कुठे घडी चुकली, तर आपण सांभाळून घ्यावे.

आधी विषयाचे मूळ सांगतो, कारण ते घरातले आहे. माझे आजोबा रत्नागिरीकडून मुंबईस आले आणि गिरणीत लागले. वडीलही गिरणीतच. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली. त्या संपाचा इतिहास मी आज सांगत नाही. आमच्या घरापुरते सांगायचे तर, पाऊस उतरेपर्यंत मोडण्यासारखे सगळे मोडून झाले होते. गणपती झाल्यावर एके दिवशी आईने आजीची पत्र्याची ट्रंक उघडली. आजी तीन वर्षांपूर्वी वारली होती. ट्रंकेच्या तळाशी, जुन्या लुगड्याच्या घडीत, दोन पुरचुंड्या निघाल्या. दोहोंत रुपये.

मी तेव्हा बारा वर्षांचा. नाण्यावरचे इंग्रजी आकडे मला वाचता येत, आईला येत नसत. ती एक पुरचुंडी सोडून एकेक रुपया माझ्या तळहातावर ठेवी, मी साल वाचून दाखवी आणि शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवी. मला तो खेळ वाटला. पहिली पुरचुंडी संपली, मग दुसरी सोडली. एकंदर चोवीस रुपये भरले. आईने ते सगळे एकाच फडक्यात बांधले आणि आम्ही दोघे सराफाकडे गेलो.

सराफाने फडके पसरले, रुपये बोटाने इकडेतिकडे केले, दोनचार उचलून पाहिले आणि म्हणाला, "वहिनी, ही लढाईतली नाणी. निम्मी चांदी, बाकी भेसळ. पुरा भाव नाही यायचा." आई म्हणाली, "शेठ, नीट बघा हो. सासूबाईंची आहेत, त्यांनी कधी वाईट वस्तू ठेवली नाही." तो म्हणाला, "वाईट नाहीत, पण चांदी निम्मी." मग त्याने सगळे रुपये तराजूत घातले, वजन केले, वजनाच्या निम्म्याचा भाव दिला. आईने पैसे मोजून कमरेला लावले. त्या पैशांत तांदूळ आला, वाण्याची थोडी बाकी फिटली. घरात कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. मलाही नाही.

आता तो माणूस खरे बोलला की खोटे, हे ठरवायचे तर रुपया म्हणजे काय हे पाहिले पाहिजे.

आपल्या भाषेत नाणी पारखण्याचा धंदा किती खोल रुतलेला आहे पाहा. माणूस खणखणीत बोलतो असे आपण म्हणतो, ते दगडावर वाजवलेल्या रुपयावरून. नावाला बट्टा लागतो, तो सराफ नाणे बदलून देताना कापून घेत असे तो बट्टा. धडधाकट, अखंड गोष्टीला बंदा रुपया म्हणतो. आणि पोतदार हे आडनाव ज्यांचे आहे, त्यांच्या कोणा पूर्वजाकडे गावचे नाणे पारखण्याचे काम असणार. या सभेत दोनतीन पोतदार तरी असतील. त्यांनी माझ्या चुका काढाव्यात, तो त्यांचा वतनी हक्क आहे.

इतकी पारख लागत असे, कारण रुपये अनेक होते. चांदवडी वेगळा, अंकुशी वेगळा, शेजारच्या संस्थानाचा आणखी वेगळा. कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग मिसळ. शुद्ध चांदी नाण्यासाठी मऊ पडते, लवकर झिजते, म्हणून ही मिसळ. हा रुपया व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज असे मुखवटे बदलत शंभरावर वर्षे चालला, पण कस बदलला नाही. रुपया बरोबर तोळ्याचा असल्यामुळे खेड्यापाड्यांत वजन म्हणून तोच वापरीत. ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणजे ऐंशी रुपयांचा शेर.

पण एक गाठ मनात बांधून ठेवा. १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन टाकसाळीत जाई आणि रुपये पाडून आणी. त्या साली सरकारने टाकसाळ लोकांना बंद केली. तेव्हापासून रुपयाची किंमत त्यातल्या चांदीवर न राहता सरकारच्या शब्दावर राहू लागली. चांदी स्वस्त, रुपया महाग, असे झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ही सारी हकिगत आहे. मी तो मराठीतून दोनदा वाचला. पहिल्यांदा समजला नाही, दुसऱ्यांदा निम्मा समजला.

पहिल्या महायुद्धात उलटे झाले. चांदी इतकी चढली की औंसाचा भाव ४३ पेन्सांच्या वर गेला, आणि त्या भावाला रुपया आटवणेच किफायतीचे झाले. मग रुपये बाजारातून दिसेनासे होऊ लागले. सरकारने १९१७ साली एक रुपयाची कागदी नोट काढली. १९१८ साली अमेरिकेने कायदा करून आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानच्या रुपयांसाठी विकली. म्हणजे तुमच्या ट्रंकेत १९१८ किंवा १९१९ चा रुपया असेल, तर त्यात अमेरिकेचा डॉलर विरघळलेला असण्याचा संभव आहे. त्याच सुमारास दोन आणे, चार आणे आणि आठ आणे तांबे-निकेलचेही काढले. चवली चौकोनी, चार आणे अष्टकोनी. आकारच वेगळे, त्यामुळे फसगत नव्हती. आठ आण्यांचे ते नाणे मात्र गोल होते. लोकांना ते रुचले नाही आणि ते फार टिकलेही नाही.

खरी फसगत दुसऱ्या महायुद्धात झाली. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला. ती बातमी आल्याबरोबर लोक नोटा घेऊन धावले आणि चांदीचे रुपये मागू लागले. सरकार जाईल, नोट जाईल, चांदी राहील, असा सरळ हिशेब. सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी जवळ घेणे हा गुन्हा ठरवला आणि जुलैत पुन्हा एक रुपयाची नोट बाहेर काढली. त्याच वर्षी कायदा बदलत गेला. मार्चमध्ये पावलीतली चांदी निम्म्यावर आणली, जुलैत अधेलीतली आणि डिसेंबरात रुपयातली. नव्या रुपयात शंभर भागांपैकी पन्नास चांदी, चाळीस तांबे, पाच निकेल आणि पाच जस्त. नाव रुपयाच. वजनही तेच, एक तोळा.

हे वजन ध्यानात धरा. जुना रुपया एक तोळा, नवा रुपयाही एक तोळा. तराजूत दोन्ही सारखे. सराफाने तराजू काढला तेव्हा आईला वाटले, आता खरेखोटे होईल. पण या बाबतीत तराजू मुका आहे.

मग सरकारने जुने रुपये परत घ्यायला सुरुवात केली. राणीछाप रुपया १९४१ च्या मार्चअखेर कायदेशीर चलन राहिला नाही, एडवर्डचा १९४२ च्या मेअखेर, आणि जॉर्जांचे पुऱ्या कसाचे रुपये १९४३ मध्ये. ज्याने मुदतीत जमा केले त्याला रुपयाला रुपया मिळाला. ज्याने जमा केले नाहीत त्याच्याकडे चलन म्हणून काही उरले नाही, चांदी उरली. माझी आजी अशांपैकी एक. गुन्हा ठरवणाऱ्या सरकारच्या दृष्टीने ती साठेबाजच म्हणायची, सतरा रुपयांची!

सतरा हा आकडा मी बोलून गेलो. तो कसा कळला ते आता सांगतो.

संपानंतर वडिलांना पुन्हा काम मिळाले नाही. मी सोळाव्या वर्षी एका इंजिनिअरिंग कारखान्यात लागलो, पुढे युनियनच्या कामात पडलो. १९९० नंतर कधीतरी वाचनालयात जुन्या नाण्यांविषयी एक पुस्तक हाती आले. त्यात १९४० ची ही सगळी हकिगत होती. वाचता वाचता ती वही आठवली. आईने माझ्या शाळेच्या वह्या रद्दीत घातल्या नव्हत्या. घरी जाऊन माळ्यावरून खोके काढले, वही सापडली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने चोवीस साले. पहिली सतरा साले अशी: १८६२, १८८५, १९०४, १९०७, १९१२, १९१८ वगैरे. त्यांतले एकही १९२० च्या पुढचे नाही. आणि नंतरची सात: १९४०, १९४१, १९४४, १९४५ अशी.

मी ती साले, जशी पुरचुंड्यांतून निघाली त्या क्रमाने लिहिली होती. म्हणजे पहिल्या पुरचुंडीत सतरा रुपये पुऱ्या कसाचे आणि दुसरीत सात निम्म्या कसाचे. आजीने निवडून वेगळे बांधले होते. तिला अक्षर येत नव्हते, आकडा येत नव्हता, तिने कायदा वाचला नव्हता. पण ती लढाईच्या दिवसांत बाजार करणारी बाई होती. रोज हातात दोन्ही तऱ्हेचे रुपये येत, आणि तिच्या बोटांना फरक कळत होता. चांदी खिशातून गेल्यावर ती पारखही बोटांतून गेली. माझ्या आईला ती कोणी शिकवली नाही, कारण शिकवण्याचे कारणच उरले नव्हते. आईने दोन पुरचुंड्या एका फडक्यात ओतल्या, तिथेच आजीची सगळी मेहनत पुसली गेली.

हिशेब सोपा आहे. जुन्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम, नव्यात ५.८३. झीज सोडून दिली तर चोवीस रुपयांत मिळून सुमारे २२२ ग्रॅम चांदी होती. सराफाने भाव दिला सुमारे १४० ग्रॅमचा. ब्याऐंशी ग्रॅम, म्हणजे सात तोळे चांदी त्याच्या गल्ल्यात तशीच गेली. त्याने दोनचार रुपये उचलून पाहिले होते. रोज ज्याच्या हाताखालून नाणी जातात त्याला साल दिसले नाही, हे मी मानत नाही. पण त्याला दोष देताना मला स्वतःचीही लाज वाटते. साले मीच वाचली होती. ती माझ्या वहीत होती, आणि वही घरी.

आता युनियनवाल्याच्या तोंडी शोभेल असे एक विधान मी बरीच वर्षे गेटसभेत करीत असे, तेही कबूल करतो. मी म्हणे, "सरकारने लढाईत रुपयातली निम्मी चांदी काढून घेतली, म्हणून महागाई झाली आणि कामगाराचा पगार निम्मा झाला." टाळ्या पडत. एकदा सभेनंतर एका वृद्ध कार्यकर्त्याने मला चहाला नेले आणि विचारले, "निम्म्या चांदीच्या रुपयाला वाणी निम्मे तांदूळ देत होता काय?" देत नव्हता. त्या रुपयाला तितकेच तांदूळ मिळत जितके पुऱ्या चांदीच्या रुपयाला. रुपया तेव्हा चांदीवर चालत नव्हताच, १८९३ ची गाठ मघाशी बांधायला सांगितली ती याचसाठी. महागाई झाली ती नोटांमुळे आणि मालाच्या टंचाईमुळे. १९३९ च्या लढाईआधी देशात सुमारे १८० कोटींच्या नोटा फिरत होत्या, १९४५ पर्यंत त्या ११०० कोटींच्या पलीकडे गेल्या. लढाईचा माल हिंदुस्थानातून जाई आणि त्याची किंमत लंडनच्या खात्यात लिहिली जाई. इथे त्याच्या बदल्यात नोटा छापल्या जात. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९४० च्या मार्चमध्ये महागाई भत्त्यासाठी सार्वत्रिक संप केला, तेव्हा रुपयाचा कस अजून पुराच होता. मी ते वाक्य पुन्हा बोललो नाही. टाळ्या गेल्या, पण चूक गेली.

मग चांदी निघाल्याने कोणाचे बिघडले? ज्याला दोन रुपयांतला फरक कळत होता आणि एक रुपया बाजूला ठेवणे परवडत होते, त्याने जुना ठेवला आणि नवा चालवला. दुकानदार, सावकार, सराफ यांच्या पेट्यांत जुने रुपये गेले. ज्याला पगाराच्या संध्याकाळीच सगळे मोडावे लागे, त्याच्या हातून दोन्ही सारखेच वाहून गेले. वाईट नाणे चांगल्या नाण्याला बाजारातून हुसकते, असा एक नियम इंग्रज सराफ ग्रेशॅम याच्या नावावर सांगतात. पण चांगले नाणे आपण होऊन चालत जात नाही, ते कोणाच्या तरी घरी जाते. माझ्या आजीने सतरा रुपये कसे वाचवले, त्यासाठी किती वेळा घरात कोरड्यास झाले नसेल, हे मला कळायला मार्ग नाही.

इथे पगारपत्रकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मूळ पगार आणि महागाई भत्ता हा त्यातला चांदीचा भाग, कारण भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी त्यावर बसते. बाकीचे भत्ते म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त. एकूण वजन तेवढेच दाखवून आतली चांदी कमी करण्याची युक्ती मालकांना कोणी शिकवावी लागत नाही. पोरे खालचा एकूण आकडा बघतात आणि खूश होतात. मी त्यांना म्हणतो, बाबांनो, कडेवरून नख फिरवा! ते म्हणतात, साहेब काय बोलतात कळत नाही. असो.

शेवटी निम्मी चांदीही गेली. लढाईत अमेरिकेने हिंदुस्थानला २२ कोटी औंसांहून अधिक चांदी उसनी दिली होती, ती परत करायची होती. म्हणून १९४६ मध्ये निकेलची पावली आणि अधेली आली, आणि १९४७ चा रुपयाही निकेलचा. त्यांच्यावर पाठीमागे वाघ आहे. निम्म्या चांदीची नाणी गोळा करून त्यांतली चांदी वेगळी काढायला कलकत्त्यात कारखाना घातला आणि १९५७ पर्यंत अमेरिकेची फेड झाली. इंग्लंडनेही तेच केले. १९२० साली त्यांनी आपल्या नाण्यांतली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये पुरी काढून टाकली, कारण त्यांच्यावरही अमेरिकेच्या चांदीचे देणे होते. आणि खुद्द अमेरिकेने १९६५ साली आपल्या लहान नाण्यांतली चांदी काढली. तिथे ओळखायला सोपे: नव्या नाण्याच्या कडेवर तांब्याची लाल रेघ दिसते. त्या देशातही जुनी नाणी लोकांनी थोड्याच वर्षांत वेचून नेली.

आता टेबलाकडे या. म्हणजे मनाने या, उठू नका. माझ्यासमोर तीन रुपये आहेत: १९०७ चा, १९४४ चा आणि १९४७ चा.

पहिली खूण साल. रुपया १९३९ पर्यंतचा असेल तर पुऱ्या कसाचा. १९४० ते १९४५ चा असेल तर निम्म्या कसाचा. १९४७ आणि त्यापुढचा असेल तर चांदी नाही, मागाहून काढलेली स्मारक नाणी वेगळी. पावली आणि अधेलीच्या बाबतीत मात्र १९४० हे साल नुसते पाहून निकाल देऊ नका, कायदा वर्षाच्या मध्यातच बदलला होता. आणखी एक गंमत सांगतो. १९२२ नंतर कितीतरी वर्षे सरकारने चलनासाठी रुपया पाडलाच नाही, आधीचेच पुरेसे होते. तेव्हा कोणी १९३० सालचा रुपया दाखवला, तर नाणे तपासण्याआधी माणूस तपासा.

दुसरी खूण कड, आणि हीच माझ्या आजीची असावी असे मला वाटते. जुन्या रुपयाच्या कडेवर उभे दाते आहेत, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग. नख फिरवले की करकर एकसारखी लागते. १९४० पासून नकली रुपये पाडणाऱ्यांना अडवण्यासाठी कडेच्या मधोमध एक खोबण घातली आणि तिच्यात नक्षी. नखाला ती मध्येच अडते. डोळे मिटून करून पाहा, अंधारातही चुकत नाही. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ही खूण येते.

तिसरी नाद. (येथे वक्त्यांनी तिन्ही नाणी टेबलावर वाजवून दाखविली.) पहिल्याचा नाद लांब गेला, दुसऱ्याचा आखूड. शिसे-कथलाचा नकली रुपया असता तर तो नुसता बद्द वाजला असता. पण तिसरा ऐकलात? तो निकेलचा, तरी बरा वाजतो. म्हणून मी नादावर एकट्यावर भरवसा ठेवत नाही. शिवाय चीर पडलेला चांदीचा रुपयाही बद्द वाजतो.

निकेलसाठी हे लोहचुंबक. कपाटाच्या दारातले काढलेले आहे, किंमत काही नाही. १९४७ चा रुपया पाहा, टपकन चिकटला. १९०७ चा आणि १९४४ चा चिकटत नाहीत. पण सावध: चिकटला नाही म्हणजे चांदी, असे नव्हे. तांबे-निकेलचा जो रुपया १९७५ ते १९९१ पर्यंत चालला, तोही चिकटत नाही. १९९२ पासूनचा पोलादी रुपया चिकटतो. म्हणजे चुंबक फक्त निकेल आणि पोलाद बाहेर काढते, चांदी ओळखून देत नाही.

रंगाबद्दल थोडेच सांगतो, कारण रंग फसवतो. जुनी चांदी हवेने काळवंडते, ती काळी म्हणून टाकून देऊ नका आणि घासून चकचकीतही करू नका. झिजलेल्या निम्म्या चांदीच्या रुपयाला उंच भागांवर पिवळट छटा येते. निकेल वर्षानुवर्षे पांढरे ते पांढरेच राहते, आणि अडाणी माणसाला तेच चांदी वाटते.

सराफाकडे जायचेच असेल तर घरून निघण्यापूर्वी कागदावर तीन रकाने करा, साले लिहा, ढीग वेगळे बांधा आणि कागद बरोबर न्या. सगळे सराफ तसे नसतात. पण कागद पाहिल्यावर कोणीही सगळे नग एकदम तराजूत घालत नाही, हा माझा अनुभव आहे. आमच्या युनियनमध्ये निवृत्त कामगारांच्या घरच्या बाया नाणी घेऊन येतात, त्यांना मी असा कागद करून देतो. एकदा एक आजी आल्या, त्यांच्याकडे बारा रुपये. मी कागद करायला घेतला, तोवर त्यांनी कडेवरून नख फिरवत स्वतःच दोन ढीग केले. एकही चुकला नाही. मी विचारले, "आजी, हे कोणी शिकवले?" म्हणाल्या, "शिकवायचे काय त्यात? कळते."

आईला मी वहीची गोष्ट सांगितली, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारले, "त्या सात तोळ्यांचे तेव्हा किती आले असते?" मी अदमासे आकडा सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे दिवाळीपर्यंतचा तांदूळ." आणि उठून आत गेली.

माझे बोलणे संपले. अध्यक्षमहाराजांची परवानगी असेल तर ज्यांनी नाणी आणली आहेत त्यांनी रांगेने टेबलाशी यावे. ज्यांच्याकडे दोन गाठी आहेत, त्यांनी त्या एकत्र करू नयेत, जशा आहेत तशाच आणाव्यात. चुंबक एकच आहे, पण नखे प्रत्येकाची आहेत.